सागाच्या ओंडक्यातली गोळी: ९.३ की ४५८?

सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, एक जुने कुटुंब आहे. काजूची बागायत, थोडे कुळागर (माड-पोफळीची बाग) आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेली हत्यारे. त्यातली दोन, बारा बोअरची दुनळी आणि ९.३ × ६२ ची माउझर रायफल, घरातल्या पन्नाशीच्या पुतण्याच्या लायसन्सवर आहेत. तिसरी ४५८ विंचेस्टर मॅग्नम रायफल, त्याच्या काकांची. हे आकडे गोळीच्या जाडीचे: एक ९.३ मिलिमीटर, दुसरी इंचाचे ४५८ हजारांश. काका २०२१ च्या सुरुवातीला वारले आणि रायफल रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायदा एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवू देतो आणि वारशाने आलेल्या हत्यारालाही ही मर्यादा लागू आहे. म्हणजे काकांची रायफल हवी असेल तर हातातली एक सोडणे आले. दुनळीचा प्रश्नच नव्हता. रानडुकरे बागेत उतरली की हवेत बार काढायला तीच लागते. राहिल्या दोन रायफली, आणि त्यातली कुठली ठेवायची हे पुतण्याने ठरवूनही टाकले होते: वडिलांची ९.३ विकायची, काकांची ४५८ घ्यायची. घरात लहानपणापासून ऐकलेले असे की काकांची रायफल म्हणजे तोफ, आणि वडिलांची आपली अशीच.

त्यामागे एक गोष्ट होती. काका तरुणपणी मोझांबिकमध्ये बेइरा बंदरात नोकरीला होते. तेव्हा गोवा आणि मोझांबिक दोन्ही पोर्तुगालच्याच अमलाखाली, त्यामुळे तिकडची वस्तू इकडे आणणे फारसे अवघड नव्हते. १९६० च्या सुमारास ते ही रायफल घेऊन कायमचे घरी परतले. आल्या आल्या दोघा भावांनी घराच्या पडवीतून, चाळीसेक पावलांवरच्या सागाच्या झाडावर एकेक गोळी झाडली. काकांच्या गोळीने सालीचे मोठे ढलपे उडाले. वडिलांच्या गोळीने काही घडलेले दिसले नाही. मग घरात ठरून गेले की थोरल्याला एवढा मोठा सागसुद्धा लागला नाही. पुढची साठ वर्षे चतुर्थीला सगळे जमले की ही थट्टा व्हायचीच.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तो साग उन्मळून पडला. वनखात्याचे सोपस्कार उरकून ओंडका फोंड्याजवळच्या सॉ मिलमध्ये गेला. फळ्या पाडताना करवतीचा आवाज बदलला आणि चालवणाऱ्याने यंत्र थांबवले. "पात्रांव, हांगा कितें तरी आसा," (मालक, इथे काहीतरी आहे) असे म्हणून त्याने पुतण्याला बोलावले. फळीच्या ताज्या कापावर तांब्याची एक वाकडीतिकडी कड आणि तिच्या आत शिशाचा करडा ठिपका चमकत होता. करवतीने गोळीचे बरोबर दोन तुकडे केले होते.

पुतण्या फळीचे दोन्ही तुकडे गाडीत घालून माझ्याकडे आला. मी नोकरीची सगळी वर्षे बंदुका आणि गोळ्यांच्या तपासणीत काढली, हे तालुक्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याचा प्रश्न सरळ होता: "भाई, ह्या दोघांत जास्त घुसते कुठली?"

फळीवर काय दिसले

सागाला वर्षाची वलये स्पष्ट दिसतात. आपल्याकडे पावसाळा आणि कोरडे महिने इतके वेगळे आहेत की लाकूड ते लिहून ठेवते. गोळी लागते त्या वर्षी झाडाची वाढती कड जखमी होते, पुढच्या वर्षांचे लाकूड त्या जखमेवरून वळसा घेत वाढते आणि आत एक व्रण कायम राहतो. म्हणून आज सालीपासून गोळीपर्यंतचे अंतर मोजून उपयोग नाही, त्यात नंतरची सगळी वाढही येते. व्रणाच्या वलयापासून मोजायचे. बाहेरची वलये मोजली तर साठ-एकसष्ट भरली. घरची गोष्ट आणि झाड, दोघांचा हिशेब जुळला.

व्रणापासून गोळी साधारण २७ सेंटिमीटर आत थांबली होती. झाड त्या वेळी ४० सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे असावे. गोळीचा पुढचा भाग उलटून मागे वळला होता, तांब्याच्या आवरणाच्या पाकळ्या फाटून शिशाला चिकटल्या होत्या. रुंदीत ती सुमारे २१ मिलिमीटर भरली. मूळचा व्यास ११.६ मिलिमीटर, म्हणजे ४५८ च. काकांच्या राहिलेल्या काडतुसांचा डबा मी पाहिला, त्यातली सगळी काडतुसे ५१० ग्रेनची (सुमारे ३३ ग्रॅमची) सॉफ्ट नोज, म्हणजे नाकाशी उघडे शिसे असलेली होती.

मला जास्त रस होता तो दुसऱ्या तुकड्यात. त्यात एक अरुंद, काळसर कडांची नळी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेली होती, जवळजवळ सरळ. तिच्या दोन्ही टोकांना व्रण होते आणि ते दोन्ही व्रण त्याच वलयात होते ज्यात काकांच्या गोळीचा व्रण होता. नळी आजच्या घडीला ९.३ मिलिमीटरपेक्षाही बारीक दिसते, पण त्याने गोंधळायचे कारण नाही. लाकडाचे तंतू गोळी गेल्यावर परत जवळ येतात, भोक नेहमीच गोळीपेक्षा लहान भरते. वडिलांच्या डब्यातली काडतुसे २८६ ग्रेनची सॉलिड होती, पूर्ण आवरणाची, नाक गोल.

म्हणजे थोरल्या भावाचा नेम चुकला नव्हता. त्याची गोळी सागातून आरपार गेली होती आणि मागच्या बाजूची साल कुणी जाऊन पाहिली नव्हती.

पुतण्या हे ऐकून बराच वेळ हसत राहिला. मग त्याचा निर्णय एकदम उलटा झाला: आता ९.३ ठेवायची, ४५८ नको. "साठ वर्षं आमच्या बाबांना चिडवलं ना सगळ्यांनी!" त्याचा आनंद मला समजतो. पण फळीवरून त्याने जो निष्कर्ष काढला, तो फळी देत नव्हती.

दोन रायफली नव्हे, दोन गोळ्या

त्या दिवशी सागात शर्यत लागली ती एका सॉफ्ट नोजची आणि एका सॉलिडची. सॉफ्ट नोज बनवतानाच ती लवकर थांबावी असा हेतू असतो. तिचे नाक उघडे शिसे असते, लागताच ते पसरते, जखम रुंद होते आणि खोली कमी होते. सॉलिडचा आकार बदलू नये म्हणून आवरण जाड ठेवतात, किंवा आजकाल अख्खी गोळी पितळेची किंवा तांब्याची कातून काढतात. हे दोन प्रकार शेजारी ठेवून "कुठले काडतूस जास्त घुसते" असे विचारणे म्हणजे आदोळीच्या (विळीच्या) पात्याने एक फणस आणि तिच्या पाठीने दुसरा फणस फोडून कुठली आदोळी चांगली ते ठरवणे.

आकडा पाहिला की हे लगेच पटते. गोळी किती खोल जाईल याचा पहिला अंदाज तिच्या वजनाला तिच्या रुंदीच्या वर्गाने भागून मिळतो. शिकारी मंडळी त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. वजन पौंडात आणि व्यास इंचात घेतला तर ५१० ग्रेनच्या ४५८ गोळीची ती ०.३४७ येते, ९.३ च्या २८६ ग्रेनच्या गोळीची ०.३०५. म्हणजे नळीतून बाहेर पडताना काकांची गोळी या बाबतीत सरस होती. पण सागात शिरल्यावर ती २१ मिलिमीटर रुंद झाली, क्षेत्रफळ सव्वातीन पटीने वाढले आणि तीच संख्या ०.१०७ वर घसरली. बारा बोअरच्या एक औंसाच्या शिशाच्या गोळीची सेक्शनल डेन्सिटी ०.११८ च्या आसपास असते. हत्तीसाठी बनवलेल्या रायफलीची गोळी पसरल्यावर या हिशेबात दुनळीच्या गोळीच्याही खाली आली, आणि तरीही सागात २७ सेंटिमीटर गेली. याचे श्रेय तिच्या वजनाला आणि वेगाला.

सॉफ्ट नोजबद्दल आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. जवळून मारली तर ती जास्त घुसेल असा समज असतो. जवळून वेग जास्त, म्हणून पसरणेही जास्त आणि लवकर, त्यामुळे पुष्कळदा खोली कमीच भरते. पूर्ण आवरणाच्या लष्करी गोळ्यांतही असा प्रकार दिसला आहे. अमेरिकेत लष्करी शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचर यांनी ३०-०६ या लष्करी रायफलीच्या काडतुसाच्या गोळ्या ओकच्या लाकडावर झाडून पाहिल्या. अगदी जवळून झाडलेली गोळी उथळ थांबली, दोनशे यार्डांवरची तिच्या दुपटीहून खोल गेली. नळीतून नुकतीच निघालेली गोळी अजून थोडी डुलत असते. ती लाकडात आडवी होते आणि आडवी गोळी अडते. चाळीस पावलांवरून झाडलेली वडिलांची ९.३ नाकासमोर गेली, हे गोल नाकाच्या जड, संथ गोळीचे लक्षण आहे. यात नशिबाचाही थोडा वाटा असेल.

समान गोळ्या घेतल्या तर

आता खरी तुलना. दोन्हींत सॉलिड गोळी आहे असे धरू. ९.३ × ६२ हे बर्लिनचे बंदूककार ओट्टो बॉक यांनी १९०५ मध्ये बनवलेले काडतूस. आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांना साध्या माउझर रायफलीत बसेल असे, मोठ्या जनावरालाही पुरेल असे काहीतरी हवे होते. १८.५ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेग. ४५८ विंचेस्टर मॅग्नम आले १९५६ मध्ये. जुन्या इंग्रजी दुनळी रायफलींची ताकद स्वस्त बोल्ट रायफलीत देणे हा त्यामागचा हेतू. कारखान्याने सांगितलेला वेग ५०० ग्रेनच्या, म्हणजे ३२.४ ग्रॅमच्या गोळीला २,१३० फूट, म्हणजे सेकंदाला ६४९ मीटर. प्रत्यक्ष रायफलींतून तो मिळत नसे. केस (काडतुसाचे कवच) लहान, त्यात दारू दाबून भरलेली. वर्षे गेली की ती दारू गोळा होऊन घट्ट बसायची आणि नीट जळायची नाही. २,००० फुटांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी, अशी तक्रार आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी सतत केली. मी हिशेबात २,०४० फूट, म्हणजे ६२२ मीटर धरले आहेत. बेइराच्या आणि सत्तरीच्या दमट हवेत राहिलेल्या काडतुसांना हा आकडासुद्धा उदारच म्हणावा लागेल.

पुतण्यासाठी मी एका कागदावर हा तक्ता केला. शेवटचा रकाना म्हणजे गोळीचा संवेग (वजन गुणिले वेग) भागिले तिचे क्षेत्रफळ, किलोग्रॅम × मीटर प्रति सेकंद, दर चौरस सेंटिमीटरला. सगळीकडे आकार न बदलणारी सॉलिड गोळी धरली आहे.

| काडतूस | गोळी (ग्रॅम) | वेग (मी./से.) | ऊर्जा (ज्यूल, सुमारे) | संवेग/क्षेत्रफळ |
|---|---|---|---|---|
| ७ × ५७ माउझर | ११.२ | ७०० | २,७५० | १९.२ |
| ९.३ × ६२ | १८.५ | ७२० | ४,८०० | १९.६ |
| ३७५ एच अँड एच | १९.४ | ७७० | ५,७५० | २१.० |
| ४१६ रिग्बी | २६.६ | ७२२ | ६,९०० | २१.९ |
| ४५८ विंचेस्टर मॅग्नम | ३२.४ | ६२२ | ६,२५० | १९.० |
| ४५८ लॉट | ३२.४ | ७०१ | ७,९५० | २१.४ |

ऊर्जेचा रकाना वाचला की ४५८ वडिलांच्या रायफलीपेक्षा तीस टक्क्यांनी दांडगी दिसते. शेवटचा रकाना वाचला की दोघी एकाच ओळीत. ७ × ५७ कडे पाहा. ऊर्जा ४५८ च्या निम्म्याहून कमी, पण खोलीच्या बाबतीत बरोबरीला. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य याच छोट्या काडतुसाच्या १७३ ग्रेनच्या लांब सॉलिड गोळीने. हत्तीच्या मेंदूपर्यंत पोचायला ती पुरत असे. अर्थात बेलला हत्तीच्या कवटीची आतली रचना तोंडपाठ होती आणि नेम चुकत नसे, म्हणून त्याचे नाव सांगून कोणी बारीक रायफलीची भलामण करू लागला की मी कान बंद करतो.

४५८ लॉट हे काडतूस तर मोझांबिकशीच जोडलेले आहे. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये तिथे रानरेड्याने जखमी केले, हातात ४५८ विंचेस्टर असताना. त्याचे म्हणणे पडले की या काडतुसाला वेग कमी पडतो. १९७१ मध्ये त्याने लांब केस वापरून तीच ५०० ग्रेनची गोळी २,३०० फुटांवर नेली. तक्त्यात दिसतेच, तेवढ्या वाढीने ४५८ ची गोळी ३७५ च्या पुढे सरकते. काका बेइरात ज्या काळात ही रायफल विकत घेत होते, त्याच काळात त्याच देशात तिच्या उणिवेची गोष्ट घडत होती हे पुतण्याला फार आवडले. ४५८ वाल्यांची बाजू राखायची तर एवढे सांगतो की कारखान्याचा ६४९ मीटरचा वेग खरोखर मिळाला तर तिचा आकडाही १९.८ होतो. दोष गोळीचा नव्हता, दारूच्या जागेचा होता.

पण हा शेवटचा रकानाही अंतिम सत्य नाही, आणि इथे लोक नेहमी घाई करतात. गोळी कशात शिरते त्यावर हिशेब बदलतो. मांस, पाणी, जिलेटिन अशा माध्यमांत गोळीला आडवे येते ते मुख्यतः समोरचे द्रव बाजूला ढकलण्याचे काम. तिथे खोली सेक्शनल डेन्सिटीच्या थेट प्रमाणात वाढते आणि वेगाचा फायदा फार हळू वाढतो. वेग दीडपट केला म्हणून खोली दीडपट होत नाही. अशा माध्यमात जड, संथ ४५८ थोडीशी पुढेच राहील, तीनचार टक्के. कोरड्या घट्ट लाकडात मात्र तंतू तोडावे लागतात, तिथे वेगाच्या वर्गाला किंमत येते आणि ९.३ स्पष्ट पुढे जाईल, वीसएक टक्के. साग हा परीक्षक मुळातच धाकट्या गोळीच्या बाजूचा होता. त्याने सॉफ्ट नोज आणि सॉलिडमधला फरक दाखवला, वर वेगवान गोळीला थोडे जास्त गुणही दिले. सागाच्या निकालावरून गव्याच्या खांद्याबद्दल बोलता येत नाही.

म्हणून तपासणीच्या ठिकाणी दहा टक्क्यांचे जिलेटिन वापरतात, ४ अंश सेल्सियसला ठेवलेले. प्रत्येक ठोकळ्यावर आधी ठरावीक वेगाने एक बारीक पोलादी छर्रा मारून तो किती आत जातो ते पाहतात. साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास गेला तर ठोकळा बरोबर. हौशी लोक भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे वापरतात. दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला ते चालतात, पण "कागदात इतके म्हणजे जनावरात इतके" असे गणित त्यांतून निघत नाही. हाड कुठल्याच माध्यमात नीट धरता येत नाही.

नाकाच्या आकाराबद्दल दोन वाक्ये सांगायलाच हवीत, कारण अलीकडे या विषयात झालेला सर्वांत मोठा बदल तिथेच आहे. गोल नाकाची सॉलिड मांसात शिरल्यावर बरेचदा वळते, कारण गोळीचे वजन मागे असते आणि तिला शेपूट पुढे करून जायचे असते. सपाट नाकाची गोळी समोरचे द्रव कडेला फेकते, तिच्या अंगाला ते लागतच नाही, आणि त्यामुळे ती सरळ आणि खोल जाते. टोकदार नाक जास्त घुसेल असे डोळ्यांना वाटते, पण हत्ती-रेड्याच्या बाबतीत अनुभव नेमका उलटा आहे. दोन समान काडतुसांत एकात सपाट आणि एकात गोल नाक असेल तर तक्त्यातला एक-दोन आकड्यांचा फरक त्यापुढे किरकोळ ठरतो.

मग ठेवायची कुठली

पुतण्याने मध्येच सुचवले की घरामागे अजून साग आहेत, दोन्ही रायफलींत सॉलिड घालून एकदा पाहून घेऊ. मी सरळ नको म्हटले. एक रायफल पोलीस ठाण्यात, काडतुसांचा हिशेब लायसन्सवर, साठ वर्षांची जुनी दारू, आणि सागापलीकडे शेजाऱ्याचे कुळागर. सॉलिड आरपार गेली तर पुढे काय आहे ते पाहायला कुणी जात नाही, हे याच कुटुंबाने एकदा सिद्ध केले आहे.

शिवाय घुसण्याचा हा प्रश्न त्यांच्या कामाचा आहे का? गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. १९७२ पासून कुणी त्याच्यावर गोळी झाडायचा विचारही करू नये. बागेत गवा आला की ओरडायचे, फटाके लावायचे, वनखात्याला फोन करायचा. रानडुकराला दुनळी पुरते, आणि तीही हवेत झाडायला. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यांत बनतात ती ३१५, ३०-०६ आणि बारा बोअरची काडतुसे. ९.३ किंवा ४५८ चे ताजे काडतूस मिळणे दुरापास्त. दोन्ही रायफली आता वारशाच्या वस्तू आहेत. खोलीच्या आकड्यावर त्यांतली एक निवडणे मला विनोदी वाटत होते आणि मी तसे बोललोही. बाजारभावाचा मुद्दा असता तर मी ऐकला असता. परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या चांगल्या रायफलींना भाव आहे आणि ४५८ ला ९.३ पेक्षा गिऱ्हाईक लवकर मिळेल.

हे सगळे चालू असताना काकांची मुलगी फोंड्याहून आली. ती तिथे शाळेत शिकवते. चुलतभावाने टेबलावर मांडलेली फळी, तक्ता, करवतीने कापलेली गोळी तिने पाहिली आणि चहाचा कप हातात घेऊन विचारले, "दादा, बाबांची रायफल तुला कुणी दिली?"

तो गप्प झाला. प्रश्न रास्त होता. गोव्यात वारसा चालतो तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने. आता २०१२ चा गोव्याचा वारसाविषयक कायदा आहे, पण पाया तोच. मुलगा-मुलगी समान वारस. नवराबायकोची मालमत्ता सामाईक असली तर अर्धा हिस्सा मुळातच बायकोचा. काकांच्या मागे काकी आहेत आणि एकुलती एक मुलगी आहे. अपत्य असताना पुतण्या रांगेत येतच नाही. घरातला कर्ता पुरुष तो, बागायत तोच पाहतो, म्हणून रायफल आपोआप त्याच्याकडे येणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. काकींनीसुद्धा.

दुसरी गोष्टही तिनेच बोलून दाखवली: दोनची मर्यादा माणशी आहे, घरटी नाही. तिच्या नावावर एकही बंदूक नव्हती. तिने स्वतः वारस म्हणून अर्ज केला तर पुतण्याला काहीच सोडावे लागत नाही, आणि ४५८ ही घराबाहेर जात नाही. यात मी केले ते एवढेच की काकींचे नाहरकत पत्र कसे लिहायचे ते सांगितले आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नव्या लायसन्सधारकाला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडावे लागते, याची आठवण करून दिली. पुतण्या म्हणाला, हे तिला उगाच कशाला, दोन दिवस जातील. ती म्हणाली, "ज्यांनी प्रशिक्षण घेतलं नव्हतं त्यांनी झाडाच्या मागे कोण आहे ते न बघता गोळ्या झाडल्या. मी घेते."

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी येऊन गेला. त्याने कपाट कसे बंद होते ते पाहिले आणि ४५८ म्हणजे किती मोठी गोळी ते हातात घेऊन पाहायला मागितली. रायफल अजून ठाण्यातच आहे. मुलीने एक अट मात्र घातली: लायसन्स मिळाले की काकांच्या डब्यातली जुनी सॉफ्ट नोज काडतुसे रीतसर जमा करायची, झाडायची नाहीत. पुतण्याला ते पटले. त्याने फळीचे दोन्ही तुकडे रंधा मारून घेतले आहेत. गोळीचा तुकडा त्याला चुलतबहिणीला द्यायचा आहे, नळीचा स्वतःकडे ठेवायचा आहे. तिचे म्हणणे, दोन्ही एकाच भिंतीवर लावावेत, आणि ती भिंत कुणाच्या घरची यावर त्यांचे अजून चालू आहे.